भारी औषध दारातच अडतं तेव्हा

प्रश्न असा आला आहे: "मॅडम, मी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबांचं गोव्यात साखळी गावात औषधांचं दुकान आहे. परवा एक गिऱ्हाईक आईचा लघवीचा कल्चर रिपोर्ट घेऊन आलं. इ. कोलाय वाढला होता. औषधांच्या यादीत व्हॅन्कोमायसिन आणि लिनेझोलिड ही नावंच नव्हती. ते म्हणाले, 'सगळ्यात भारी औषधं तपासलीच नाहीत, पैसे मात्र पुरते घेतले.' बाबांना उत्तर देता आलं नाही, मलाही नाही. आणि मुळात प्रतिजैविक जिवाणूच्या आत शिरतं कसं? ते तर त्याच्यासाठी विष. मग तो ते आत का घेतो? त्याला कळत नाही का?"

लॅबने काही लपवलेलं नाही. पण तुझ्या बाबांना उत्तर सुचलं नाही यात नवल नाही, कारण कॉलेजात आपण 'मोड ऑफ अ‍ॅक्शन' घोकतो. हे औषध भित्तिका बनू देत नाही, ते रायबोसोमला, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला, चिकटतं, वगैरे. रायबोसोमपर्यंत ते पोचलं कसं, हे बहुधा परीक्षेत विचारत नाहीत. मी तीसेक वर्षं फोंड्यात प्लेटी, म्हणजे आगर या जेलीवर जिवाणू वाढवलेल्या बशा, वाचते आहे. रोजच्या कामात अडवणारा प्रश्न बहुतेक वेळा पोचण्याचाच असतो.

आधी 'भारी' हा शब्द बाजूला ठेवू. दुकानात भारी म्हणजे महाग, किंवा आयसीयूत शिरेतून देतात ते. जिवाणूच्या लेखी भारी याचा अर्थ एकच, रेणूचं वजन. आणि तिथे भारी असणं हा बहुतेक वेळा दोषच ठरतो.

आता जिवाणूची घरं दोन तऱ्हेची असतात. १८८४ साली हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी जांभळा रंग देऊन ती वेगळी केली, त्याचं कारण त्यांना तेव्हा माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. ग्रॅम-पॉझिटिव्ह, म्हणजे स्टॅफ, स्ट्रेप्टो, एंटेरोकॉकस, यांच्याभोवती पेप्टिडोग्लायकनची जाड भित्तिका असते. जाड, पण विरळ विणीची, काथ्याच्या जाजमासारखी. बहुतेक औषधं तिच्यातून सहज झिरपतात. तिच्या आत एकच पटल, म्हणजे चरबीचा पातळ पडदा. ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे इ. कोलाय, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास, यांची भित्तिका अगदी पातळ, पण तिच्या बाहेर आणखी एक पटल असतं. या बाह्यपटलाचा वरचा थर साध्या चरबीचा नसतो. तो लिपोपॉलिसॅकराइडचा असतो आणि मॅग्नेशियम व कॅल्शियमचे आयन त्याचे रेणू एकमेकांशी घट्ट बांधून ठेवतात. तेलकट औषधाला चरबीतून पार व्हायचं तर तिथे अडतं, आणि पाण्यात विरघळणाऱ्या औषधाला तर चरबी तशीही नको असते.

मग इ. कोलाय स्वतः जेवतो कसा? त्यासाठी त्या बाह्यपटलात दारं आहेत, त्यांना पोरिन म्हणतात. तू गोव्याची, तर खाजन पाहिलं असशीलच. नदीचं खारं पाणी शेतात घुसू नये म्हणून बांध, आणि बांधाला मानस. मानशीतून पाणी येतं-जातं, त्याबरोबर कोळंबी आणि लहान मासळी येते. मोठं ओंडकं येत नाही. पोरिन म्हणजे बांधातली मानसच. फरक एवढाच की मानशीची दारं भरतीला मिटतात आणि पोरिन बहुतेक वेळ उघडंच असतं. एका इ. कोलायवर अशी दारं लाखाच्या घरात असतात. ओएमपी-एफ हे त्यातलं नेहमीचं पोरिन, आतल्या सर्वांत अरुंद जागी सुमारे ०.७ बाय १.१ नॅनोमीटर. ढोबळ हिशोब असा की ६०० डाल्टनपर्यंतचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) रेणू जातो, त्यापुढे कठीण.

व्हॅन्कोमायसिनचं वजन १,४४९ डाल्टन. झालं तुझ्या गिऱ्हाइकाचं उत्तर. ते इ. कोलायच्या बांधाबाहेरच राहतं, म्हणून लघवीतल्या इ. कोलायसमोर त्याची डिस्क, म्हणजे औषध भिजवलेली कागदाची टिकली, ठेवणं हा डिस्कचा आणि आगरचा अपव्यय.

आता यातली खरी मजा बघ. स्टॅफवर व्हॅन्कोमायसिन उत्तम चालतं, पण तिथेही ते पेशीच्या आत शिरत नाहीच. भित्तिकेच्या विटा पेशीतून बाहेर येतात, त्या विटांच्या टोकाला असलेल्या दोन डी-अ‍ॅलनिनवर ते बाहेरच जाऊन बसतं. म्हणजे 'औषध जिवाणूच्या आत कसं शिरतं' या प्रश्नाचं अर्धं उत्तर 'कित्येकदा शिरतच नाही' असं आहे. पेनिसिलिन, अँपिसिलिन, सेफालोस्पोरिन, मेरोपेनेम ही सगळी बीटा-लॅक्टॅम मंडळीही आतल्या पटलाच्या पलीकडे जात नाहीत. त्यांचं लक्ष्य, म्हणजे भित्तिका विणणारी प्रथिनं, आतल्या पटलाच्या बाहेरच्या अंगाला असतं. ग्रॅम-निगेटिव्हमध्ये त्यांना ओटीवर, म्हणजे दोन पटलांमधल्या मोकळ्या जागेत पोचलं की पुरतं. माजघरात जावं लागत नाही.

पण ओटीवर पोचणंही सगळ्यांना जमत नाही. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२९ साली पेनिसिलिनवर जो पहिला लेख लिहिला, त्यात त्याचा एक मोठा उपयोग काय सांगितला होता? प्लेटवर इतर जिवाणू मारून टाकायचे, म्हणजे इन्फ्लुएंझाचा बॅसिलस (आजचा हिमोफिलस) एकटा उरतो आणि सहज ओळखता येतो! जगातलं सर्वांत गाजलेलं औषध आधी लॅबमधल्या लोकांनी वापरलं ते अशा कामाला. हिमोफिलस ग्रॅम-निगेटिव्ह, त्याच्यावर त्या पेनिसिलिनचा फारसा परिणाम नव्हता.

मग १९६१ मध्ये इंग्लंडच्या बीचॅम कंपनीचं अँपिसिलिन आलं. पेनिसिलिन जीचं वजन ३३४, अँपिसिलिनचं ३४९. वजन वाढलं, तरी शिरकाव सुधारला. कारण त्याला एक अमिनो गट जोडला होता, आणि पोरिनचं अरुंद तोंड म्हणजे नुसतं भोक नव्हे. त्याच्या एका बाजूला धन भार आहेत, समोरच्या बाजूला ऋण. ज्या रेणूवर दोन्ही भार असतात तो त्यांच्यामधून बरोबर आडवा होऊन सरकतो. वजनाचा नियम सांगताना हे आठवणीत ठेव. नियम ढोबळ आहे, दार चोखंदळ आहे.

ज्यांचं लक्ष्य पेशीच्या गाभ्यात असतं, त्यांना दोन्ही पटलं ओलांडावी लागतात. आतल्या पटलाला पोरिन नसतं, तिथे बहुतेक औषधांना चरबीतूनच जावं लागतं. म्हणून अशा औषधाची पंचाईत होते. बाहेरचं दार पाणीदार, भारित रेणू मागतं, आतलं दार भाररहित. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधं दोन्ही रूपं बाळगून असतात, पाण्यात गरजेप्रमाणे त्यांचा भार बदलत राहतो. टेट्रासायक्लिन तर मॅग्नेशियमचा आयन बगलेत मारून भारित रूपात पोरिनमधून येतं, आणि मॅग्नेशियम ओटीवर सोडून भाररहित होऊन आतल्या पटलातून झिरपतं. तुझे बाबा गिऱ्हाइकाला "टेट्रासायक्लिन दुधाबरोबर घेऊ नका, अँटासिडबरोबर घेऊ नका" असं सांगत असतील, त्यामागेही धातूचे आयन धरण्याची तीच खोड आहे. पोटात ती नडते, पोरिनपाशी तीच कामी येते.

अमिनोग्लायकोसाइड, म्हणजे जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन, ही माझी लाडकी. यांच्यावर इतके धन भार की आतल्या चरबीतून झिरपणं त्यांच्या नशिबातच नाही. ती बाहेरच्या बांधातले मॅग्नेशियम-कॅल्शियम हुसकावून स्वतः त्यांच्या जागी बसतात. पण ती आकाराने बेढब, त्यामुळे बांध तिथे सैल होतो आणि मागून आणखी रेणू आत येतात. वाट काढणारे तेच आणि वाटसरूही तेच.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी प्लेटवर पाहिलं. नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. एका आठवड्यात आमच्याकडचे सगळे स्यूडोमोनास अचानक जेंटामायसिनला रेझिस्टंट निघायला लागले. झोन, म्हणजे डिस्कभोवती जिवाणू न वाढलेली वर्तुळं, आक्रसलेले. वॉर्डातून फोनवर फोन. मी घाबरून संसर्ग पसरल्याची तयारी सुरू केली. मग आमच्या वरिष्ठ बाईंनी शांतपणे विचारलं, "कंट्रोल लावलास?" लावला नव्हता. लावला तर दरवेळी ठरलेला झोन देणारा कंट्रोलचा स्यूडोमोनासही आक्रसलेला! दोष जिवाणूचा नव्हताच. म्युलर-हिंटन आगरचा नवा डबा होता, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त होतं. आयन जास्त, म्हणून बांध घट्ट, म्हणून जेंटामायसिन बाहेर. पातळ माध्यमात कॅल्शियम लिटरला २० ते २५ मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम १० ते १२.५ मिलिग्रॅम असं जोखून का ठेवतात, ते मला त्या आठवड्यात कळलं. आपला पुरवठादार कोण होता ते सोड, कंट्रोल न लावणारी मी होते.

बांध ओलांडला तरी आतलं पटल उरतंच. तिथे जेंटामायसिनला जिवाणूचीच वीज लागते. श्वसन करणारा जिवाणू आतल्या पटलावर बाहेर धन, आत ऋण असा दाब सतत राखतो, आणि तोच दाब धन भाराचं औषध आत ओढतो. रायबंदरहून चोडणला जायचं तर फेरीबोट हवी. डिझेल संपलं की तुम्ही धक्क्यावरच. प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जिवाणूंवर जेंटामायसिन चालत नाही ते याचमुळे. पू भरलेल्या, आम्ल, प्राणवायू नसलेल्या गळवातही ते लंगडतं. म्हणून सर्जन आधी चीर देऊन पू काढतात. २०११ साली बोस्टनच्या एका गटाने दाखवलं की सुस्त पडून औषधाला चकवणाऱ्या इ. कोलायला मॅनिटॉल किंवा फ्रुक्टोजसारखी साखर दिली की तो दाब वाढतो, आणि त्याच जेंटामायसिनने तो मरतो. आणि एंटेरोकॉकसने हृदयाच्या झडपेला धरलं की पेनिसिलिन आणि जेंटामायसिन एकत्र देण्याची जी जुनी रीत आहे, तीही याच माळेतली: पेनिसिलिन भित्तिका बिघडवतं, त्या फटीतून जेंटामायसिन आत जातं.

कोलिस्टिनही आयन हुसकावतं, पण ते वाट काढून थांबत नाही, बांधच फोडतं. वजन ११५५च्या आसपास, भार भरपूर, त्यामुळे आगरमध्येही ते नीट पसरत नाही. म्हणून त्याची डिस्क ठेवून मोजलेला झोन भरवशाचा नसतो. कुणाच्या रिपोर्टात कोलिस्टिनपुढे डिस्कचा झोन लिहिलेला दिसला तर लॅबला फोन करून 'ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनने (पातळ माध्यमात औषध मोजून घालण्याच्या पद्धतीने) बघितलंत का' असं जरूर विचार.

आता तुझा दुसरा प्रश्न, तो विष आत का घेतो. पोरिनच्या बाबतीत तो 'घेत' नाही, दार उघडं असतं. पण काही औषधं तो खरोखर हाताला धरून आत नेतो. फॉस्फोमायसिन बघ. वजन १३८, बायकांच्या लघवीच्या संसर्गाला तीन ग्रॅमची पुडी देतात तेच. ते आतल्या पटलावरच्या, ग्लुकोज-६-फॉस्फेट आणि ग्लिसरॉल-३-फॉस्फेट आत आणणाऱ्या वाहकांवर बसून जातं. पण साखर आसपास असल्याशिवाय जिवाणू पहिला वाहक बनवतच नाही. म्हणून फॉस्फोमायसिनच्या डिस्कमध्ये २०० मायक्रोग्रॅम औषधाबरोबर ५० मायक्रोग्रॅम ग्लुकोज-६-फॉस्फेट घातलेलं असतं. डिस्कच्या कागदात साखर का, हे मी कितीतरी विद्यार्थ्यांना विचारलं आहे. एकाला तरी आधीपासून ठाऊक असावं अशी माझी अजून इच्छा आहे. या औषधाच्या झोनमध्ये कधी कधी तुरळक वसाहती उगवतात. त्यातल्या बऱ्याच जणांनी वाहकच गमावलेला असतो. औषध टळलं, पण त्याबरोबर अन्नाची एक वाटही गेली.

स्यूडोमोनासचं आणि इमिपेनेमचंही असंच. त्याच्याकडे इ. कोलायसारखं ऐसपैस पोरिन नाही. लायसिन, आर्जिनिन अशी अमिनो आम्लं आणण्यासाठी ओपीआर-डी नावाचं एक चिंचोळं दार आहे, आणि इमिपेनेम त्यातून घुसतं. जिवाणूने ते दार बुजवलं की इमिपेनेम 'आर' (चालत नाही), पण सेफ्टाझिडाइम 'एस' (चालतं). असा रिपोर्ट पाहून एकदा एका तरुण डॉक्टरांनी मला फोन केला होता, "मॅडम, उलटं छापलंय का?" उलटं नव्हतं. प्रत्येक औषधाचं दार वेगळं.

यातली सर्वांत चलाख युक्ती सेफिडेरोकॉल या औषधाची, जपानच्या शिओनोगी कंपनीचं, अमेरिकेत २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेलं. आपलं शरीर लोह मोकळं सोडत नाही, म्हणून जिवाणू लोह धरून आणणारे रेणू बाहेर पाठवतो आणि ते लोहासकट परत आले की खास दार उघडून, ऊर्जा खर्चून त्यांना आत ओढतो. सेफिडेरोकॉलला लोह धरणारा तसाच एक हात जोडला आहे. शाहिस्तेखानाच्या वेळी लग्नाच्या वऱ्हाडात मिसळून माणसं पुण्यात शिरल्याची गोष्ट आपण शाळेत ऐकतो ना, तसंच. पहारेकऱ्यांना वऱ्हाड दिसतं. पण यामुळे आमची कसरत वाढते: या औषधाची चाचणी लोह काढून टाकलेल्या माध्यमात करावी लागते, नाहीतर भुकेलेपणाच नसल्याने जिवाणू ते दार पुरेसं बनवत नाही आणि उत्तर चुकतं.

राहिलं लिनेझोलिड. ते फक्त ३३७ डाल्टनचं, म्हणजे वजनाने अडायला नको. अडत नाहीही, शिरतं. पण ग्रॅम-निगेटिव्हच्या पटलांत एक पंप असतो, इ. कोलायमध्ये एसीआर-एबी-टॉल-सी नावाचा, आतून थेट बाहेर फेकणारा. होडीत पाणी शिरतंय आणि एक जण करवंटीने उपसतोय, असा प्रकार. पाणी हळू शिरत असेल तर उपसणारा जिंकतो. लिनेझोलिडचं तेच होतं. प्रयोगशाळेत तो पंप मोडलेल्या इ. कोलायवर ते चालतं. म्हणूनच बांध आणि पंप यांना वेगळं समजू नकोस. बांध पाणी हळू येऊ देतो, म्हणून करवंटी पुरते. बीटा-लॅक्टॅमच्या बाबतीत करवंटीच्या जोडीला ओटीवर बीटा-लॅक्टॅमेज हे औषध तोडणारं एंझाइमही राखणदारासारखं बसलेलं असतं. एकेक रेणू आला की तोडला. तेच रेणू लोंढ्याने आले असते तर त्याची धांदल उडाली असती.

टीबीच्या जिवाणूचं मात्र सगळं निराळं. त्याच्याभोवती मायकोलिक आम्लांचं मेण असतं. रिफाम्पिसिन ८२३ डाल्टनचं आणि तेलकट, इ. कोलायच्या बांधापुढे ते अडखळतं, पण मेणाच्या भिंतीशी त्याचं जमतं. आणि स्क्रब टायफससारख्या आजारात जिवाणू आपल्याच पेशींच्या आत बसलेला असतो, म्हणजे औषधाला आणखी एक घर ओलांडायचं. तिथे डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन पोचतात, जेंटामायसिन नाही.

नवी औषधं येत का नाहीत असं लोक विचारतात, त्यातही पुष्कळदा हाच बांध आडवा येतो. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने १९९५ ते २००१ या काळात सुमारे ७० मोठ्या शोधमोहिमा चालवल्या, हाती लागले जेमतेम ५ धागे. परीक्षानळीत एंझाइम बंद पाडणारा रेणू सापडतो, पण तो जिवंत इ. कोलायच्या आत साचतच नाही. २०१७ मध्ये इलिनॉय विद्यापीठात पॉल हर्गेनरॉदर यांच्या गटाने आत साचणाऱ्या रेणूंची लक्षणं काढली: मोकळा अमिनो गट हवा, रेणू चपटा हवा आणि फार लवचीक नको. अँपिसिलिनची आठवण झाली ना? झालीच पाहिजे.

शेवटी, त्याला कळत नाही का. दाराला डोळे नसतात, पण दारं किती आणि कोणती ठेवायची हे जिवाणू परिस्थिती पाहून ठरवतो. थंड, पातळ पाण्यात, समज म्हादईत, तो ओएमपी-एफ जास्त बनवतो. ऊबदार, क्षारयुक्त आतड्यात आला की ओएमपी-सी, जे किंचित अरुंद. हे औषधाच्या भीतीने नव्हे, पित्तासारख्या त्रासदायक गोष्टींपासून बचाव म्हणून असावं असं मला वाटतं, पण फायदा त्याला दोन्हीकडे होतो. औषधाचा मारा चालू राहिला की ज्यांची दारं अपघाताने बिघडलेली असतात ते उरतात. क्लेब्सिएला दोन मुख्य पोरिन गमावतो आणि ओटीवरचं साधंच बीटा-लॅक्टॅमेज बाळगतो, तेवढ्यावर एर्टापेनेम 'आर' होतं, कार्बापेनेमेज (एर्टापेनेमसारखी औषधं तोडणारं एंझाइम) नसतानाही. असे जिवाणू प्लेटवर बहुधा सावकाश वाढतात; दारं लावून घेतली की उपासही आलाच.

आणि त्या गिऱ्हाइकाला बाबांनी एवढं सांगावं: यादीत नायट्रोफ्युरँटोइन आणि फॉस्फोमायसिनपुढे 'एस' असेल, आईला ताप किंवा पाठीत दुखणं नसेल, तर त्यातलं कुठलं द्यायचं हे डॉक्टरांना विचारा. त्या दोघांची वजनं २३८ आणि १३८ आहेत.